स्टँडमागचं ऑनलाईन सेंटर : पाचपैकी चार तारे

सेंटर चालवणाऱ्या पोट्ट्यानं स्वतःच म्हटलं, "काकाजी, गुगलवर आपल्या सेंटरबद्दल चार ओळी टाका नं." चार ओळीत मावत नाही, म्हणून लांबलं. ज्याला फक्त सात-बारा काढायचा आहे त्यानं सरळ शेवटचा परिच्छेद वाचावा आणि निघावं.

मी एसटीत कंडक्टर होतो, वरुड डेपो, 2018 ला रिटायर झालो. जन्मभर लोकांचे कागदच पाहिले. विद्यार्थ्याचा पास, म्हाताऱ्याचं अर्ध्या तिकिटाचं ओळखपत्र, फोटो एकाचा आणि माणूस दुसरा. कागद हातात आला की आधी तारीख, मग नाव, मग तोंड पाहायचं, हा क्रम अंगात मुरलेला. त्यामुळे हे कालचं पोट्टं मला कागदाच्या कामात काही शिकवील असं वाटलं नव्हतं.

सेंटर म्हणजे दहा बाय बाराचा गाळा. समोर 'आपले सरकार'चा निळा बोर्ड, आत एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, अंगठ्याची मशीन, भिंतीवर गजानन महाराज. खुर्च्या दोन, त्यातल्या एकीचा हात तुटलेला. जो पहिल्यांदा येतो तो त्या हातावर टेकतो आणि खाली जातो. पोट्टा मालक तिशीच्या आतला, बी.कॉम., संत्र्याची दोन एकर बाग भावाकडे. उत्पन्नाचा दाखला, पीकविमा, पीएम किसान ही त्याची रोजची भाकर. पण मी लिहितोय ते 2021 आणि 2022 च्या, करोनातल्या कामांबद्दल, कारण माणसाची परीक्षा तेव्हा झाली.

पहिलं काम एप्रिल 2021 चं. फेब्रुवारीतच अमरावती आणि अचलपूर बंद करून झालं होतं, आपल्या जिल्ह्यानं दुसरी लाट सगळ्यांच्या आधी पाहिली. एप्रिलच्या शेवटी सरकारनं जिल्हा ओलांडायला पुन्हा ई-पास लावला. आमचे भाऊजी काटोलला वारले. वरुड-काटोल ही माझी ड्युटीतली फेरी, डोळे मिटून सांगीन कुठं खड्डा आहे. पण काटोल नागपूर जिल्ह्यात. ज्या रस्त्यावर लोकांना तिकिटं फाडून दिली त्याच रस्त्यावर जायला मला पोलिसांचा पास पाहिजे, हे पचायला जड गेलं. शटर अर्धं खाली होतं. पोट्ट्यानं फोटो घेतला, केबीत बसवला, आधार जोडलं, कारण लिहिलं: अंत्यविधी. दोन तासात येईल म्हणाला, आला संध्याकाळी. तोवर तिकडे सगळं आटोपलं होतं, आम्ही राखेलाच पोचलो. मी त्याच्यावर चिडलो, तो काही बोलला नाही. पास मंजूर करणं त्याच्या हातात नव्हतं हे मलाही कळत होतं, पण मग दोन तास सांगायचेच कशाला? पैसे काढले तर म्हणाला, "मयतीचे घेत नाही."

मे महिन्यात पांढुर्ण्याचे लोक त्याच्याकडे येऊन बसायचे. पांढुर्णा मध्यप्रदेशात, पण आमच्या लेकी तिकडे आणि तिकडच्या इकडे. 12 मे च्या आदेशानं बाहेरून महाराष्ट्रात शिरायचं तर 48 तासांच्या आतला आरटीपीसीआर निगेटिव्ह पाहिजे झाला. अर्धे लोक रिपोर्ट हातात पडल्यापासून तास मोजायचे. हा पोट्टा रिपोर्टवर तो निघाल्याची वेळ शोधून पेनानं गोल करून द्यायचा. "घड्याळ इथून चालू होते मामाजी, कागद भेटला तिथून नाही." मी तिथं बसून हे ऐकायचो आणि मनात म्हणायचो, ह्याला डेपोत घ्यायला पाहिजे होतं.

आता खरं काम. आमची मुलगी अमेरिकेत, न्यू जर्सीत. तिला जानेवारी 2022 ची तारीख दिली होती. पहिलं बाळंतपण, तिची आई गेलीच पाहिजे, आणि आईला एकटीला विमानात बसवायची हिंमत माझ्यात नाही. व्हिसा 2018 मध्येच काढून ठेवला होता, दहा वर्षांचा, तेवढी एक गोष्ट सोपी होती.

लसीचं असं झालं. मी साठीच्या वरचा, 1 मार्चला साठीवाल्यांचं सुरू झालं त्याच महिन्यात मी पहिला डोस घेतला, कोविशील्ड. दुसरा घ्यायला गेलो तर अंतर वाढलं, 84 दिवस थांबा. मंडळीचा नंबर एप्रिलमध्ये लागला, शाळेतल्या कॅम्पात. त्या दिवशी जी आली ती टोचली, आली कोव्हॅक्सिन. तेव्हा कोण विचार करतो? नंतर कळलं की परदेशात जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीतलीच लस चालते, कोविशील्ड यादीत आहे आणि कोव्हॅक्सिन नाही. पूर्ण पावसाळा ह्या चिंतेत गेला. कुणी म्हणे तिला परत कोविशील्ड द्या. पोट्ट्यानं साफ सांगितलं, असं काही करू नका, यादीत येईल तर पाहू. दर आठ दिवसांनी मी जायचो, तो साईट उघडून पाहायचा आणि मान हलवायचा. 3 नोव्हेंबरला, दिवाळीच्या आदल्या दिवशी, सकाळी नाही संध्याकाळी नाही, रात्री दहा वाजता त्याचा फोन. "काकाजी, काकूची लस लागली लिस्टले!" मंडळी करंज्या तळत होती. तिला सांगितलं तर म्हणे, "मंग इतके दिवस काय ते पाणी होतं काय?"

अमेरिकेनं 8 नोव्हेंबरपासून पूर्ण लस घेतलेल्यांना दार उघडलं. आता कोविन ह्या सरकारच्या लसीच्या साईटवरून सर्टिफिकेट काढायचं. इथं माझी खरी शिकवणी झाली.

मंडळीच्या सर्टिफिकेटवर नाव होतं सुमनबाई. पासपोर्टवर सुमन. आधार काढताना कुणी आदरानं 'बाई' लावलं ते कायमचं चिकटलं. त्यात जन्माचं साल. आधारवर 1 जानेवारी 1964. आमच्या गावात अर्ध्या म्हाताऱ्यांचा वाढदिवस 1 जानेवारीला असतो, उरलेल्यांचा 1 जुलैला. पासपोर्ट शाळेच्या दाखल्यावरून निघाला, त्यात साल 1966. म्हणजे विमानतळावरच्या माणसाच्या हातात दोन कागद, दोन नावं, दोन सालं. मी कंडक्टर असतो तर अशा बाईला खाली उतरवली असती.

मी घाईत. त्याच्या आधी बाजारातल्या एका दुसऱ्या दुकानात गेलो होतो, तिथला माणूस म्हणाला बसा, दोन मिनिटात नाव बदलून देतो, साल नंतर पाहू. वीज गेली म्हणून वाचलो. मग ह्याच्याकडे आलो आणि म्हटलं, लवकर दाब ते बटन.

त्यानं माऊसवरचा हात काढून घेतला.

"काकाजी, थांबा नं. हे एकदाच होते."

"काय एकदाच?"

"कोविनवर दुरुस्ती एकदाच करू देते. नाव आज अन् साल उद्या असं नाही जमत. आज चुकलं तर मंग बसजा बोंबलत."

मग त्यानं कॉम्प्युटर बाजूला ठेवला आणि कोरा कागद घेतला. मंडळीचा पासपोर्ट उघडून एकेक इंग्रजी अक्षर चौकटीत लिहिलं, पहिलं नाव, मधलं नाव, आडनाव. माझ्याकडून मोठ्यानं वाचून घेतलं. मग पासपोर्टच्या खाली ज्या दोन ओळी बाणांच्या असतात, पहिली 'पी' नं सुरू होणारी, त्यांच्याशी ताडून पाहिलं. मग मंडळीला म्हणाला, "काकू, तुमी सांगा, हे तुमचंच नाव हाय नं?" ती म्हणे, माझं नाव सुमन, इंग्रजीतलं तुमचं तुम्ही पाहा.

एवढं झाल्यावर ओटीपीचा घोळ. कॅम्पात नोंद करताना मंडळीकडे फोन नव्हता, म्हणून पुतण्याचा नंबर दिला होता. पुतण्या चाकणला कंपनीत, आत जाताना फोन लॉकरमध्ये. ओटीपी यायचा, मरून जायचा. तीन दिवस असंच. शेवटी चहाच्या सुट्टीची वेळ विचारून घेतली, रात्री पावणेनऊ. पोट्टा दुकान उघडं ठेवून बसला. पावणेनऊला इकडे बटन दाबलं, तिकडे पुतण्यानं चहाच्या टपरीवरून सहा आकडे ओरडून सांगितले, मागून मशिनीचा आवाज, आकडा सात की साठ कळेना. दोनदा हुकलं, तिसऱ्यांदा लागलं. आठ-दहा दिवसांनी दुरुस्त होऊन आलं. मग पासपोर्ट नंबर वेगळा जोडला आणि पूर्ण जन्मतारखेचं परदेशवालं सर्टिफिकेट काढलं. आधी ह्या सर्टिफिकेटवर नुसतं वय यायचं, पूर्ण तारीख त्याच वर्षीच्या शरदात सुरू झाली. आमचं नशीब की आम्ही उशिरा गेलो.

कागद छापून झाल्यावर मी म्हटलं, लॅमिनेशन कर. तेव्हा सगळे लस घेतल्याचं कार्ड एटीएमसारखं प्लॅस्टिकचं करून खिशात घालत होते, शंभर-शंभर रुपयात. तो नाही म्हणाला. प्लॅस्टिक चमकते, क्यूआर नीट वाचल्या जात नाही, साधा कागद न्या आणि दोन झेरॉक्स वेगळ्या बॅगेत ठेवा. शंभर रुपये मिळत होते ते त्यानं सोडले. हे मी मुद्दाम लिहितो.

घेतले किती ते सांगतो. दुरुस्तीचे पन्नास, रंगीत प्रिंटचे वीस एकाला. रात्रीचे तीन दिवस फुकट. त्याच्याकडे दराचा तक्ता भिंतीवर नाही, त्यामुळे काही लोकांना वाटतं तोंड पाहून घेतो. तक्ता लावला पाहिजे.

आता तिकीट. ते शहरातल्या एका तिकीटवाल्याकडून काढलं होतं, नाव लिहीत नाही. मुंबईहून विमान 14 डिसेंबरला, रात्री एक वाजून गेल्यावर. तिकीटवाला म्हणाला, नागपूरला टेस्ट करून घ्या, तीन दिवसांची चालते, मी माणूस पाठवतो, बाराशे रुपये एकाचे. सरकारनं घरी येऊन सॅम्पल घेण्याचा दर मार्चमध्येच 800 केला होता. मी विचारलं, बाराशे काहून? तर म्हणे हे प्रवासाचं स्पेशल आहे. नाकात घालायची काडी तीच नं बाप्पा?

मी सहज येऊन पोट्ट्याला सांगितलं. त्यानं अमेरिकेच्या आरोग्य खात्याची साईट उघडली आणि वाचत राहिला. ओमायक्रॉन आला होता. 6 डिसेंबरपासून नियम बदलला होता: टेस्ट विमान सुटण्याच्या आदल्या दिवसाच्या आतली पाहिजे, तीन दिवस गेले. आणि तास मोजायचे नाहीत, तारीख मोजायची.

"काकाजी, इमान कवा?"

"14 ला."

"14 म्हणजे 13 ची रात्र नं? जेवून निघाल ते 13 ले. पण तिकिटावर तारीख 14. म्हणजे टेस्ट 13 ची पाहिजे, नाहीतर 14 ची. 12 ले नागपुरात केली तर गेली वाया."

मी कपाळावर हात मारून घेतला. अहो, रातराणीवर मी किती वर्षं ड्युटी केली! साडेबाराच्या गाडीचं रिझर्वेशन करून लोक एक दिवस उशिरा स्टँडवर यायचे. तिकीट दाखवायचे, आजचीच तारीख आहे म्हणायचे, आणि मी सांगायचो, बाप्पा तुमची गाडी काल रात्री गेली. बायका रडायच्या. तेव्हा मला नवल वाटायचं की शिकलेल्या माणसाला रात्री बारानंतर तारीख बदलते एवढं कसं कळत नाही. त्या दिवशी तुटक्या हाताच्या खुर्चीवर मी तोच शिकलेला माणूस होतो.

नागपूरची टेस्ट रद्द केली. डोंबिवलीला साळ्याचा पोरगा राहतो, त्याला सांगून 13 ची सकाळची वेळ घेतली. अमेरिका अँटिजनही चालवत होती, पण मुलगी म्हणाली आरटीपीसीआरच करा, काउंटरवर वाद नको. जायचं कसं? एसटीचा संप सुरू. जन्मभर ज्या गाडीत उभा राहिलो तिच्या संपात मी वरुडहून अमरावतीला काळीपिवळीत बसून गेलो, मागच्या सीटवर, मांडीवर डिंकाच्या लाडवांचा डबा. डेपोसमोर आमचेच लोक मंडपात बसले होते. एकानं हात केला. मीही केला. काय बोलणार.

अमरावती एक्स्प्रेसनं रात्रभर, सकाळी कल्याणला उतरलो, तिथून सरळ लॅब. सॅम्पल दिलं पावणेआठला. रिपोर्ट चार वाजता म्हणाले, सहा वाजले. त्या दोन तासात मंडळीनं जिवंतपणी सगळे देव आठवून घेतले. आला, दोघंही निगेटिव्ह. रिपोर्टवर पासपोर्ट नंबर छापलेला आहे का ते मी पोट्ट्यानं शिकवल्याप्रमाणे आधी पाहिलं. मंडळीच्या रिपोर्टवर एक आकडा चुकला होता. परत फोन, परत पीडीएफ. साडेसातला हातात.

विमानतळावर काउंटरच्या मुलीनं कागद घेतले. मी तिचे डोळे पाहत होतो. आधी तारीख, मग नाव, मग लस कुठली, मग तोंड. माझाच क्रम! मंडळीचं कोव्हॅक्सिन पाहून ती थांबली, शेजारच्याला विचारलं, त्यानं मान हलवली. ठप्पा. आमच्या शेजारच्या रांगेत एक जोडपं 12 तारखेचा रिपोर्ट घेऊन उभं होतं. त्यांचं पुढे काय झालं ते पाहायला थांबलो नाही, पण त्या बाईचा चेहरा विसरलो नाही.

नात झाली. त्याबद्दल इथं लिहीत नाही, सेंटरशी संबंध नाही.

परत यायचं मे 2022 मध्ये. तोवर टेस्टची कटकट भारतानं बरीच कमी केली होती, लसीचं सर्टिफिकेट चालत होतं, फक्त 'एअर सुविधा' नावाचा फॉर्म भरायचा: कुठून येता, चौदा दिवसात कुठं गेलात, सीट नंबर, आणि सर्टिफिकेट चढवायचं. जावई आमचा कॉम्प्युटरचा मोठा साहेब. पण फॉर्म त्याच्याकडून तीनदा अडकला, फाईल मोठी म्हणून. तो साईटला शिव्या देत बसला. मी हळूच बाहेर येऊन पोट्ट्याला व्हॉट्सअ‍ॅपवर कागद पाठवले. इथं दुपारचे दीड, वरुडला रात्रीचे अकरा. वीस मिनिटांत भरलेला फॉर्म आला, खाली लिहिलं होतं, 'फाईल बारीक केली. जावईबापूले सांगू नका.' सांगितलं नाही. त्यांनी हे वाचलं तर वाचोत. मुंबईत उतरल्यावर शंभरातल्या दोघांची टेस्ट करत होते, आम्ही त्यात नव्हतो. तो फॉर्म पुढे नोव्हेंबर 2022 मध्ये बंदच झाला, आणि मे 2023 मध्ये अमेरिकेनं लसीची अटही काढली.

एवढं असून चारच तारे काहून? एक तारा मी कॉम्प्युटरच्या डेस्कटॉपपायी कापला. त्याच्या स्क्रीनवर अर्ध्या तालुक्याचे आधार, पॅन, पासपोर्ट नावानिशी पडलेले असतात. कुणीही मागून पाहू शकतो. काचेवर राहिलेली झेरॉक्सची मूळ प्रत पुढच्याला चिकटून जाते, मी स्वतः एकदा एका गुरुजींचं आधार घरी घेऊन आलो. मी त्याला दोनदा सांगितलं, काम झालं की पुसत जा. तो म्हणतो, लोक परत येतात, कागद हरवला म्हणतात, मंग कुठून देऊ? बरोबर आहे, पण तरी पुसलं पाहिजे. आमचे दोघांचे मी समोर बसून पुसून घेतले. दुसरं, इन्व्हर्टरची बॅटरी मेलेली आहे, वीज गेली की सगळे बाहेर. आणि ती खुर्ची.

हल्ली मी फक्त नोव्हेंबरमध्ये जातो, पेन्शनीच्या हयातीच्या दाखल्यासाठी. मशीन माझा अंगठा घेत नाही. मागच्या वर्षी तो म्हणाला, "काकाजी, तुमचा अंगठा तिकिटं पंच करून करून घासला." मग माझी तर्जनी घेतली, ती पहिल्यांदाच लागली.

जाणाऱ्यांसाठी: बाजाराच्या दिवशी जाऊ नका. चारनंतर गर्दी कमी असते, दोन ते तीन जेवायची सुट्टी, ती कधीकधी साडेतीनपर्यंत चालते. मूळ कागद न्या, झेरॉक्स तिथं होते. ओटीपी ज्याच्या फोनवर येतो तो माणूस सोबत न्या, नाहीतर त्याची चहाची वेळ विचारून ठेवा. सात-बारा पाच मिनिटांत मिळतो. डावीकडच्या खुर्चीवर बसा.